मदत हवी आहे : मसुदा नियमांवर सुनावणीत बोलू देतात का?

रानवारा : औद्योगिक संबंध संहितेच्या (२०२० चा कामगार कायदा) मसुदा नियमांवर हरकती मागवल्यात. आमच्या युनियनला तोंडी बाजू मांडायची आहे. सुनावणीला नाव कुठे नोंदवायचं? मुदत संपत आलीय, लवकर सांगा.

तिठा : नियम केंद्राचे की राज्याचे? हरकत कशावर? कामगार किती?

जुनाजाणता : हरकती सोडा, उच्च न्यायालयात रिट टाका. आमचा कारखाना बंद करायचा अर्ज आला तेव्हा सुनावणीत आम्ही कामगार बोललो होतो. हक्कच आहे तो.

तिठा : काका, ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५-ओ. बंदची परवानगी देण्याआधी मालक-कामगार दोघांचं ऐकावंच लागे. नियमांच्या मसुद्याचं तसं नाही. आणि नियम अजून झालेच नाहीत, रिट कशावर टाकणार?

जुनाजाणता : पण ती परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, २०२० च्या संहितेत ३०० केली. २९९ असले की नुसती ६० दिवसांची नोटीस! यावर कुणी बोलत नाही.

अंकुर_७ : ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर आता एका वर्षाने ग्रॅच्युइटी मिळते.

रानवारा : ग्रॅच्युइटीचं विचारलंच नाहीये! नियम राज्याचे. आम्ही २२० जण, त्यात बरेच कंत्राटी. स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे लेखी नियम) आम्हालाही लागू करा, ही हरकत.

कलमदान : स्थायी आदेशांची ३०० ची अट संहितेतच आहे, नियम करून ती खाली आणता येत नाही. त्यात शक्ती घालवू नका. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७, कलम २३ प्रमाणे मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणं सरकारवर बंधनकारक आहे. तोंडी सुनावणी नाही. भेटीची वेळ जरूर मागा, पण लेखी हरकत आधी द्या आणि पोच घ्या. नियम क्रमांक, आक्षेप, तुम्हाला हवा तो मजकूर, असं लिहा. तुमच्या उपयोगाचा भाग आहे वाटाघाटी करणाऱ्या युनियनचा, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करणाऱ्या युनियनचा. हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार सोबत असतील तर एकट्या युनियनला मान्यता. ती संख्या तपासायची कशी, हे नियमांत ठरतं.

तिठा : कंत्राटी माणसं कुणाच्या हजेरीपटावर आहेत?

रानवारा : ठेकेदाराच्या. मग आमचे ५१ टक्के कशातून मोजणार?

कलमदान : हेच लिहा. पडताळणीच्या नियमात हजेरीपट कुणाचा आणि कोणत्या तारखेचा, हे स्पष्ट करायला सांगा. गुप्त मतदान हवं असेल तर तेही त्याच अर्जात मागा.

जुनाजाणता : गुप्त मतदानच हवं. सह्यांवर मोजलं की दबाव येतो.

रानवारा : आज रात्री हरकतीचा मसुदा इथे टाकतो, कृपया बघा.