नोकरी शोधणाऱ्यांचा गट केलाय, पण बैठकीत नुसतं रडगाणं होतंय

मधली_सुट्टी

आमच्या भागातल्या वाचनालयाने आठवड्यातून एका संध्याकाळी खोली वापरायला दिली आहे. नोकरी गेलेले किंवा मधे थांबून पुन्हा कामाला लागू पाहणारे असे आम्ही काही जण तिथे जमतो. मी क्वालिटी कंट्रोलमधली, आमचा विभागच बंद झाला. बाकी एक आर्किटेक्ट, दोघे अकाउंट्सवाले, एक सॉफ्टवेअर टेस्टर आणि मुलं लहान म्हणून थांबलेली एक फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीला बरं वाटलं. आता मात्र कोणाच्या बॉसने काय केलं आणि कुठल्या कंपनीने साधं उत्तरही दिलं नाही, यातच वेळ जातो. घरी जाताना डोकं जड झालेलं असतं. त्यात टेस्टरचं म्हणणं, क्षेत्रंच वेगळी तर एकमेकांचा उपयोग काय?

असा गट चालवलेल्यांनी सांगा, बैठकीत नेमकं करायचं काय? तज्ज्ञ वक्ते बोलवू का?

एचआरवाले_काका

वक्ते नका बोलवू, निदान आत्ता तरी. वक्ता तासभर बोलतो, सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी एक फोन करत नाही. माझी बहुतेक नोकरी एचआरमध्येच झाली, मधे स्वतःही घरी बसलो आणि नंतर असाच गट चालवला. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

तुम्ही करताय त्याची चाचणी फार पूर्वी झाली आहे. नेथन अझ्रिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९७५ मध्ये गटाने नोकरी शोधणारे आणि आपापले शोधणारे यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन महिन्यांत गटातल्या ९० टक्के लोकांना काम लागलं, बाहेरच्यांपैकी ५५ टक्क्यांना. आकडे जुने आहेत, आज तसेच येतील असं नाही. पण गट करत काय होता ते बघा. जोड्या लावलेल्या. रोज जमायचं. फोन करताना जोडीदार शेजारी. आपल्याला न जुळणारी जागा दुसऱ्याला सांगायची. धीर मिळायचाच, पण तो काम करता करता.

आमच्याकडे रडगाण्याला पहिली दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग वह्या बाहेर. या आठवड्यात कोणाकोणाला गाठणार ते नावानिशी सांगायचं, ‘बघतो’ चालायचं नाही. त्यानंतर फोन.

फोनवर जरा जास्त लिहितो, कारण शिकलेल्या माणसाला तोच सगळ्यात जड जातो. आमच्यातले एक सिव्हिल इंजिनिअर, एरवी साइट दणाणून सोडणारे, जुन्या सहकाऱ्याचा नंबर लावायचे आणि रिंग जायच्या आत कट करायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘माझ्यासाठी काही असेल तर बघा.’ यावर समोरचा अवघडतो. त्याच्या हातात जागा नसते आणि तोंडावर ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून ‘हो हो, कळवतो’ म्हणून फोन ठेवतो. ते वाक्य आम्ही बदलायला लावलं: ‘तुमच्याकडे बिलिंगचं काम साइटवर चालतं की हेड ऑफिसला? मला अर्ज करायचाय, कोणाशी बोलणं बरं?’ याचं उत्तर कोणालाही देता येतं. शिवाय उत्तरात एक नाव मिळतं, आणि पुढचा फोन त्या नावाला.

वेगळ्या क्षेत्रांचं म्हणाल तर ते चांगलंच आहे. सगळे टेस्टर असता तर एकाच जागेवर डोळा ठेवून बसला असता. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. आर्किटेक्टच्या ओळखीच्या बिल्डरला अकाउंट्सचा माणूस लागतोच की.

पुन्हा_श्रीगणेशा

काकांचं बहुतेक पटलं, दहा मिनिटांचं मात्र नाही. राग घड्याळ बघून थांबत नाही हो. जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांचा १९९४ चा प्रयोग आहे: नोकरी गेलेल्या व्यावसायिकांपैकी काहींना त्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहून काढायला सांगितलं. त्यांना मुलाखती जास्त आल्या नाहीत, तरी नोकरी लवकर लागली. माझ्या मते राग कागदावर उतरला की मुलाखतीत तोंडावर येत नाही. तेव्हा ते काम घरी, वहीत करायला सांगा. बैठकीचा वेळही वाचेल.

आणि मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाच्या मुलाखती, घ्याच. सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली होती. ‘मधे काय करत होतात?’ विचारलं की माझी गाडी डॉक्टर, रिपोर्ट करत नणंदेपर्यंत जायची. गटातल्या मैत्रिणीने सरळ हात वर करून थांबवलं. शेवटी दोनच वाक्यं ठरली: ‘घरच्या आजारपणासाठी थांबले होते, ती जबाबदारी आता नाही. नवीन सॉफ्टवेअर शिकले आहे, हवं तर दाखवते.’ एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसण्याचीच प्रॅक्टिस जास्त लागली!

फिजिओथेरपिस्ट ताईंना ‘रिटर्नशिप’ शोधायला सांगा, म्हणजे मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी काही आठवड्यांचं पगारी काम. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेने हे २००८ मध्ये सुरू केलं, नंतर इतर कंपन्याही करू लागल्या. फक्त शेवटी कायम करतीलच असं धरून चालू नका.

कुंपणावरचा

वाचतोय. एकच सांगतो, गटाची बातमी पसरली की कोणीतरी ‘प्लेसमेंट’वाला येईल आणि नोंदणी फी मागेल. नोकरी देण्याआधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. पुढच्या बैठकीला वह्या आणायचा निरोप दिलाय, टेस्टर कुरकुरला पण येतोय. काका, अजून एक विचारते. आर्किटेक्टला तीन महिन्यांचं कंत्राटी काम मिळतंय, पूर्वीपेक्षा खालच्या हुद्द्याचं. त्याला वाटतं सीव्ही बिघडेल.

एचआरवाले_काका

घेऊ दे. रिकामा काळ लांबला तर त्याने सीव्ही जास्त बिघडतो. अमेरिकेत संशोधकांनी हजारो बनावट सीव्ही पाठवून पाहिलं होतं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खंड जसा वाढला तसे कंपन्यांचे फोन कमी झाले, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली. हुद्दा खालचा असला तरी सीव्हीत कामाचं वर्णन नीट लिहिता येतं.

फक्त कामाला लागल्यावर गट सोडू नकोस म्हणावं. महिन्यातून एकदा तरी यायचं. कुठे माणूस हवाय हे आधी आतल्याला कळतं, आणि तुमच्या गटात सध्या आतलं कोणीच नाही.