मदत हवी आहे: बीएमडब्ल्यू आर २५/३ मोटरसायकल गरम झाली की बंद पडते (बडोदा)

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट माहिती दिली की पहिले पाच प्रतिसाद "प्लग बघितला का?" असेच येतात. बघितला.

गाडी आजोबांची. इथे कामाला आलेला एक जर्मन इंजिनियर मायदेशी परत निघाला, तेव्हा १९५८ साली त्याच्याकडून घेतलेली. आरसी बुकावर अजून मुंबई राज्य आहे, गुजरात व्हायला दोन वर्षं बाकी होती. आजोबा गेल्यावर ती दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली गेली आणि तिच्यावर गाद्या, बंद पंखे, गणपतीचं मखर असं चढत गेलं. तीन वर्षांपूर्वी मखर शोधायला गेलो आणि गाडी बाहेर काढली.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५३ ते ५६ या काळात निघालेली, एक सिलिंडर, २४७ सीसी, १३ हॉर्सपॉवर. चेन नाही, मागच्या चाकाला शाफ्ट. किक बुलेटसारखी मागे जात नाही, आडवी बाहेर जाते. स्टँडवर लावायची, शेजारी उभं राहायचं आणि मारायची. आमच्या गल्लीतला मेकॅनिक पहिल्या दिवशी रुबाबात सीटवर बसला आणि पायाने किक शोधत राहिला. अर्धी गल्ली हसत होती.

काम बरंच झालंय. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत सिलिंडर बोअर करून घेतला, पिस्टन आणि सील जर्मनीहून मागवले. फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर एकच आहे, त्यामुळे फ्रेमला वेल्डिंगचं टोकसुद्धा लावू दिलं नाही. टाकीवरच्या पांढऱ्या रेघांसाठी दोन पेंटरांनी स्टिकर सुचवला. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका मिळाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, श्वास रोखला आणि लांब केसांच्या ब्रशने एका हातात रेघ ओढली. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, आधी दुसरी बाजू जमू दे. क्रोमच्या बाबतीत मात्र नशीब फुटकं. एका दुकानात हँडलबार इतका बफ करून मिळाला की क्लचची पकड त्यावर गोल फिरते. असो.

आता दुखणं.

थंड असताना दुसऱ्या किकला चालू होते, आयडलिंग घड्याळासारखं. घरून निघालो की सूरसागरपर्यंत मजेत. काळा घोडा सर्कल आलं की फटफट करून मिसफायर, आणि फतेहगंजच्या अलीकडे बंद. साधारण बारा ते पंधरा मिनिटं. मग कितीही किका मारा, काही नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा दुसऱ्या किकला चालू, जणू काही झालंच नव्हतं.

आधी पेट्रोलवर संशय होता. टाकीखालच्या कॉकमधून धार व्यवस्थित येते, टाकीचं झाकण सैल करून चालवली तरी तेच. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने टाकीतला जुना राळ सुटून जेटमध्ये आला होता. तो साफ केला, कॉकचं बुचाचं पॅकिंग बदललं. बिंगचा २४ मिमी कार्बोरेटर दोनदा उघडला. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिमी. कंडेन्सर नवा, बुलेटचा. कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून प्लगला ठिणगी देणारी) मूळचीच आहे, पुढच्या झाकणाखाली डायनामोपाशी बसलेली. बंद पडल्यावर प्लग काढून ठिणगी बघितली तर पिवळट आणि अशक्त.

दुसरा प्रश्न. जर्मनीत १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट मिळतो. डायनामो, पॉइंट सगळं काढून तो बसवायचा, कटकट मिटली. आतेभाऊ म्हणतो, बसव, आणि त्याच झपाट्यात मागचं मडगार्ड कापून कॅफे रेसर, म्हणजे रेसच्या गाडीसारखी आखूड, कर. कापाकापी होणार नाही, हे त्याला सांगून झालंय. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची नोंदणी आहे, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नुसत्या किटचं काय? कोणी बसवून मग नोंदणी केली आहे का?

घाई आहे. बाबा ७६ वर्षांचे आहेत, लहानपणी याच गाडीवरून आजव्याच्या तलावावर जायचे. त्यांना एकदा न्यायचंय. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, आणि माझी मजल फतेहगंजपर्यंत.

– दांडियाबाजारकर

लेथमास्तर: बंद पडल्यावर किक कशी लागते ते लिहिलंच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. पोकळ लागली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातंय. घट्ट लागली तर इंजिनाला हात लावू नका, वायरिंगकडे वळा. बॅटरीही तेव्हाच मोजा, घरी येऊन नको.

दांडियाबाजारकर: मास्तर, आत्ता मुद्दाम बंद पाडून आलो. किक घट्ट, पोटरीला लागली. बॅटरी ६.१ व्होल्ट, गाडी ६ व्होल्टचीच.

ग्वाल्हेरचा नाना: मग कॉइल. अहो, सत्तर वर्षांची वार्निश आहे ती. गरम झाली की आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन दगा देतं, थंड झाली की पुन्हा शहाणी. इंजिनाला चिकटून झाकणात कोंडलेली, वर तुमच्याकडचा मे महिना. नवी आणायच्या आधी खात्री करा. जुन्या जावाची ६ व्होल्टची कॉइल कोणाकडून तरी उसनी घ्या, टाकीखाली फ्रेमला बांधा, पॉइंट आणि कंडेन्सर आहेत तेच ठेवा. वारा लागेल तिथे बांधा म्हणजे झालं. किट वाईट नाही, मी एका गाडीला बसवलाय, रात्री दिवा झकास पडतो. पण खालून येणारा डायनामोचा तो बारीक आवाज गेला. माझ्या नोंदणीच्या वेळी कोणी झाकण उघडून बघितलं नाही, म्हणून तुमच्याकडे बघणार नाहीत असं सांगता येत नाही. काढलेला डायनामो विकू मात्र नका.

वेलणकर वहिनी: आतेभावाला मडगार्डपासून लांब ठेवा. आमच्याकडे दिरांनी एका जुन्या गाडीचं कापलं होतं, ते परत जुळवायला पाच महिने आणि एक भांडण लागलं.

दांडियाबाजारकर: नाना, साष्टांग. पाणीगेटच्या एका मित्राकडून जावाची कॉइल आणली, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने फ्रेमला आवळली. दिसते भयंकर. रविवारी सकाळी सहाला काळा घोडा ओलांडला, फतेहगंज ओलांडलं, तिथून परत घरी. पाऊण तास, एकदाही मिसफायर नाही. मग बाबांना मागे बसवलं आणि तसेच आजव्याला गेलो. तिथे उतरल्यावर त्यांनी तलावाकडे बघितलंसुद्धा नाही. वाकले, कॉइलला हात लावला आणि म्हणाले, "कोमट आहे. चल, अजून थोडं पुढे जाऊ."

किट तूर्त रद्द. आता मूळ कॉइलचं बघायचंय: तेच बाहेरचं कवच ठेवून आतून नव्याने वाइंड करून देणारं कोणी बडोदा, अहमदाबाद किंवा मुंबईत आहे का? मोटार वाइंडिंगवाल्या दोघांनी तार बघूनच हात जोडले. ती केसाहून बारीक आहे.