‘सेव्हरन्स’: हेली आणि हेलेना, माणूस एक की दोन?

पिवळी_शाई: ‘सेव्हरन्स’ मालिकेत मेंदूत चिप बसली की कामाच्या आणि घरच्या आठवणी वेगळ्या होतात: ऑफिसात असते ती हेली, बाहेर तीच हेलेना. आठवणी वेगळ्या, तर माणूसही वेगळा. विषय संपला.

सदाफुली: संपला कसा? पहिलाच प्रसंग बघा. हेली टेबलावर शुद्धीवर येते, स्पीकरवरून पाच प्रश्न. स्वतःचं नाव येत नाही, आईच्या डोळ्यांचा रंग येत नाही, पण कुठलंही एक राज्य सांग म्हटल्यावर ‘डेलावेअर’! भाषा, भूगोल शाबूत. गेल्या त्या फक्त प्रसंगांच्या आठवणी. मग स्मृती गेलेल्या एच. एम. या प्रसिद्ध रुग्णाचं काय? १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवं काही आठवेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात बघून दोन रेघांमधून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत चुका घटत गेल्या, तरी त्याच्या लेखी प्रत्येक वेळ पहिलीच. रोज नवा माणूस जन्मत होता का?

तिसरा_पडदा: जिथे तिथे एच. एम. आणू नका हो! त्याला नवं टिकत नव्हतं, बालपण आठवत होतं. हेलीचं नेमकं उलट: मागचं पुसलेलं, नवं व्यवस्थित साठतंय. दोन्ही एकाच पोत्यात भरलं की चर्चेचा बट्ट्याबोळ होतो. द्यायचंच तर टोरंटोच्या के. सी. या रुग्णाचं उदाहरण द्या. १९८१ च्या मोटारसायकल अपघातानंतर त्याला आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता.

सदाफुली: बरं, एच. एम. मागे घेते. पण के. सी. माझ्याच बाजूचा आहे! अपघातानंतर त्याचा स्वभाव बदलला. स्मृतीचे अभ्यासक एंडेल टल्विंग यांनी त्याला स्वतःचे गुण सांगायला लावले, तर त्याचं वर्णन आईने केलेल्या त्याच्या बदललेल्या स्वभावाच्या वर्णनाशी जुळलं. म्हणजे एकही प्रसंग न आठवता माणसाला स्वतःची ओळख असते.

पिवळी_शाई: के. सी.ला स्वतःचं नाव ठाऊक होतं, हेलीला तेही नाही. आणि तुम्ही दोघे मेंदूतच अडकलात! हेली राजीनामा मागते, तर हेलेना व्हिडिओतून सुनावते की मी माणूस आहे, तू नाहीस. हेलीच्या वाट्याला ना झोप, ना घर. घरी जाताना लिफ्टचं दार बंद होतं आणि तिच्या लेखी लगेच पुन्हा ऑफिस. भोगणारी एक, सही करणारी दुसरी.

सदाफुली: हेलीचा नकार मोजलाच पाहिजे, एवढं मान्य. पण त्यासाठी दोन माणसं कशाला? वैद्यकीय प्रयोगात सही केलेल्यालाही मधेच माघार घेता येते. माणूस एकच असतो.

पिवळी_शाई: त्याला सही केल्याचं आठवत असतं. हेलीने कधी सही केलीच नाही, मग ती माघार कशातून घेणार?