एकाच पद्धतीवर दोन पेटंटं
"प्रोग्राम लिहिण्याआधी पेटंटं शोधून घ्यायची, मग कसली भीती?" असं सॉफ्टवेअर पेटंटांच्या बाजूने म्हटलं जातं, ते पटलं नाही. जिफ (GIF) या चित्रांच्या फाइल फॉरमॅटचंच बघा. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन ऑनलाइन सेवा कंपनीने १९८७ साली तो फॉरमॅट आणला. त्यातली एलझेडडब्ल्यू (LZW) ही डेटा दाबून लहान करायची पद्धत १९८४ मध्येच मासिकात छापून आलेली, त्यामुळे खुलीच वाटली. १९९४ च्या अखेरीस या पद्धतीचं पेटंट असलेल्या युनिसिस कंपनीचं परवाना शुल्क अंगावर आलं, तोवर जिफ सगळीकडे पसरलं होतं. (पीएनजी हा चित्रांचा दुसरा फॉरमॅट जन्मला तो याच वैतागातून.)

खरी गंमत वेगळीच आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने याच पद्धतीवर १९८५ मध्ये एक पेटंट दिलं होतं (तेच पुढे युनिसिसकडे आलं) आणि १९८९ मध्ये आयबीएमला दुसरं देऊन टाकलं! दोन्ही अर्ज जून १९८३ चे. भाषा तेवढी निराळी. तपासणं हेच ज्यांचं काम, त्यांना पत्ता लागला नाही. दोन माणसांच्या कंपनीने कुठे शोधत बसायचं?