प्रतिसाद: बांधीव खंड घेताना

जुन्या मासिकांचा संग्रह करताना सुट्या अंकांपेक्षा बांधीव खंड (अनेक अंक एकत्र शिवून केलेले) नेहमीच सरस, असे एक मत मांडले गेले आहे; त्याच्याशी मी अंशतः सहमत आहे. बांधणीमुळे अंक हरवत नाहीत हे खरे. परंतु ग्रंथालयांसाठी बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात, आणि कडा कापताना समासातला मजकूरही कधी कधी जाई. ‘किर्लोस्कर खबर’सारख्या नियतकालिकाच्या बाबतीत ही हानी मोठी ठरते, कारण १९२० साली किर्लोस्करवाडीहून ते निघाले तेच मुळी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि त्यातील जाहिराती हाच त्या काळच्या उद्योगाचा दस्तऐवज आहे. ‘मासिक मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक, जो मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो, मुखपृष्ठाविना मिळाला तर संग्राहकाने तो घ्यावा का? अभ्यासासाठी अवश्य घ्यावा, मात्र पूर्ण अंकाची किंमत देऊ नये. खंड विकत घेण्यापूर्वी पृष्ठांक सलग आहेत का, हे स्वतः पाने उलटून पाहावे. पुठ्ठ्यावरील सोनेरी अक्षरांवर विसंबू नये. आपल्याकडे सुटे अंक असल्यास बाइंडरला कडा न कापण्याची आणि मुखपृष्ठे आतच शिवण्याची सूचना लेखी द्यावी, तोंडी सांगितलेले गर्दीच्या दिवसांत विसरले जाते.