काँगोच्या गरिबीचं खापर लिओपोल्डवर अजून किती वर्षं फोडायचं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता):
काँगोचा विषय निघाला की गाडी बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्डपाशीच अडते. माणूस राक्षस होता, वादच नाही. १८८५ ते १९०८ हा सगळा मुलूख त्याची खाजगी जहागीर होती, बेल्जियम देशाचीसुद्धा नव्हे. पण स्वातंत्र्य मिळालं १९६० मध्ये. पुढे १९६५ ते १९९७ हुकूमशहा मोबुटूने देश धुऊन खाल्ला. कटांगा प्रांतातल्या तांब्याच्या खाणी १९६७ पासून सरकारच्या ताब्यात होत्या. मग दोष अजून त्या राजाचाच?

उंबरठा:
"राक्षस होता" म्हणून एका वाक्यात उरकू नका, मुद्दा तिथेच आहे. रबराचा ठरलेला भरणा व्हावा म्हणून गावातल्या बायका ओलीस ठेवायचे आणि पुरुषांना जंगलात वेली चिरायला पाठवायचे. शिपायांना खर्च केलेल्या काडतुसांचा हिशोब द्यावा लागे, म्हणून तोडलेले हात पुरावा म्हणून आणले जात. हे उघड कसं झालं? जहाज कंपनीतल्या मोरेल नावाच्या कारकुनाच्या लक्षात आलं की अँटवर्पला बोटी रबर आणि हस्तिदंत भरून येतात, पण परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका न् दारूगोळा असतो. रबराचे पैसे चुकते होत असते तर बदल्यात विकायचा माल नसता का गेला?

पाटीपेन्सिल:
मान्य. पण कोरियाही १९१० ते १९४५ जपानच्या टाचेखाली भरडला गेला. दक्षिण कोरिया आज कुठे आहे?

उंबरठा:
स्वातंत्र्याच्या वेळी काँगोत पदवीधर किती होते, शोधा. बोटांवर मोजता येतील. निवडून आलेले पंतप्रधान लुमुंबा सात महिन्यांत मारले गेले. त्याआधी कटांगा फुटून निघाला, तोही बेल्जियमच्या आणि खाण कंपनीच्या पाठबळावर. तुमचा मोबुटू आभाळातून पडला नव्हता, अमेरिकेने त्याला पोसलं.

खुरपं:
दोघांचंही थोडं थोडं पटलं (कुंपणावर बसलोय म्हणा हवं तर). पण मोबुटूला पोसलं अमेरिकेने, तरी खाल्लं त्यानेच ना? आणि आजचं काय? बॅटऱ्यांत लागणारा कोबाल्ट धातू जगातला निम्म्याहून जास्त काँगोतून निघतो. मोठ्या खाणींपैकी बऱ्याच चिनी कंपन्यांच्या. कोल्वेझी या खाणींच्या शहराच्या आसपास माणसं हातांनी बोगदे खणतात, ते ढासळून मरतात. खाणींच्या करारावर सही राजधानी किन्शासातल्या मंत्र्याची असते, लिओपोल्डची नाही.

उंबरठा:
सही मंत्र्याची, बरोबर. कोबाल्ट शुद्ध कुठे होतं? बहुतेक चीनमध्ये. रबराचंही तेच होतं, कच्चा माल काँगोतला, कमाई बाहेरच्यांची.

पाटीपेन्सिल:
म्हणजे मंत्र्याला सोडून द्यायचं? मी नाही सोडणार. बाकी ते बोटींचं मला माहीत नव्हतं.