घराचा विमा: ९०० आणि ४२०० मध्ये नक्की फरक कशाचा आहे ते तरी बघा

कृष्णाकाठ:
काल निवांत_पेन्शनर काकांनी लिहिलं की घराचा विमा म्हणजे शुद्ध लूट, पुण्यातल्या एकाच फ्लॅटला एक कंपनी ९०० सांगते, दुसरी १९०० आणि तिसरी ४२००, ही काय भाजीमंडई आहे का, त्यापेक्षा एफडी करा. खाली भराभर लाईक पडले, "अगदी बरोबर काका" वाले तर विचारूच नका. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय, आणि जरा लांबणारे.

काका, तुम्ही तिन्ही कोटेशनचे फोटो टाकलेत पण वाचलेत का? ९०० वाल्यात इमारत १६ लाख २५ हजाराला धरलीय. ४२०० वाल्यात तुम्ही स्वतः ७५ लाख भरलेत, कारण फ्लॅट तेवढ्याला विकला जाईल असं तुम्हाला वाटतं. अहो पण जागा कुठे वाहून जातेय? विमा मिळतो तो परत बांधायच्या खर्चाचा. तुमचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ६५० चौरस फूट, बांधकाम २५०० रुपये फूट धरा, झाले १६ लाख २५ हजार. ७५ भरलेत म्हणून ७५ मिळणार नाहीत, हप्ता मात्र ७५ चा जाणार. आणि १९०० वाल्यात चोरी, दागिने आणि जास्तीचं सामान आहे, म्हणजे वस्तूच वेगळी. मग भाव वेगळा येणारच की.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकच ठरावीक पॉलिसी आहे, मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांना सारखा. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल सगळं त्यातच येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामान वेगळं न मागता २० टक्क्यांपर्यंत धरतात, वरची मर्यादा १० लाख. त्यामुळे तुलना करायची तर आधी तिन्हीकडे रक्कम सारखी भरा, मग वरच्या जोडण्या (चोरी, दागिने वगैरे जास्तीचं) बघा, आणि सगळ्यात शेवटी हप्ता.

मला एवढं का लागतं ते पण सांगतो. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. आमचं तळमजल्याचं घर. पाणी उतरल्यावर आत गेलो तर लोखंडी कपाट उघडेना, गाळ बसून दार धरलेलं, शेवटी पहारीनं उचकटलं. आत आईच्या लग्नातला शालू, घडीच्या घडीत गाळ. ती काही बोलली नाही, घडी उलगडत बसली नुसती. विमा नव्हता. सरकारचे शहरी भागाला १५ हजार आले, त्यात गाळ काढायची मजुरी भागली. घर उभं करायला अडीच वर्षं गेली माझी. आणि इथं लोक वर्षाच्या ९०० रुपयांना लूट म्हणतात तेव्हा डोकं फिरतं माझं.

निवांत_पेन्शनर:
तुमच्या घराचं वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण मी लूट म्हणालो ते उगाच नाही. मुलाने २०१८ ला कर्ज काढलं तेव्हा बँकेने १ लाख ८६ हजाराचा "घराचा विमा" कर्जात घुसडला, त्यावर २० वर्षं व्याज भरतोय तो. सही करताना बाई म्हणाली कम्पल्सरी आहे सर. आता हा विमा पण घ्यायचा आणि तो पण भरायचा? एकदा गळ्यात मारलेलं आहे, दुसऱ्यांदा मी मान पुढे करणार नाही.

कृष्णाकाठ:
काका, तो घराचा विमा असणं शक्यच नाही, रक्कम बघा ना. तो कर्जदाराच्या जीवाचा विमा असणार, म्हणजे मुलाला काही झालं तर कर्ज फिटतं. भिंत पडली तर त्यातून एक वीट मिळणार नाही. पॉलिसीचा कागद काढा आणि वर कोणत्या प्रकारच्या कंपनीचं नाव आहे बघा, जीवन विमा की जनरल, म्हणजे घर-गाडीचा विमा करणारी.

सातवा_मजला:
ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. कृष्णा काय, खाडी आली तरी माझ्यापर्यंत येणार नाही. सोसायटीने बिल्डिंगचा विमा काढलेला आहे, मेंटेनन्समधून जातो. मग मी वेगळा कशाला भरू? पूरवाल्यांनी घ्यावा, आमच्यावर का लादता?

वाशिष्ठी_चिपळूण:
लादत कोणीच नाही. पण सोसायटीच्या पॉलिसीत तुमचा टीव्ही, कपाटं, तुम्ही हौसेनं बसवलेलं मॉड्युलर किचन आहे का हे एकदा सेक्रेटरीला विचारा. आणि रक्कम किती धरलीय तेही. भावाच्या सोसायटीत पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा तसाच चालू होता, कमिटी बदलत गेली पण त्याला कोणी हात लावला नाही.

आणि रकमेचं महत्त्व मला विचारा. २२ जुलै २०२१, आमच्या बाजारपेठेत पहाटे पाणी शिरलं. माझा विमा होता हो! जानेवारीत काढलेला, म्हणजे जुन्या पद्धतीचा. घर बांधायला १६ लाख लागले असते, मी हप्ता वाचवायला ८ च लिहिले होते. सर्व्हेअर आला, भला माणूस, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजली, फ्रीजचा नंबर गाळ पुसून पुसून लिहून घेतला. नुकसान निघालं ४ लाख. मी म्हटलं ८ चा विमा आहे, ४ तर मिळतीलच. मिळाले २. का, तर विमा निम्म्याचा म्हणून भरपाई निम्मी. तीनच महिन्यांनी एप्रिलमध्ये काढला असता तर नव्या पॉलिसीत ही निम्म्याची कात्री नाही. तीन महिने! अजून झोपेत आठवतं मला.

कृष्णाकाठ:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत भाऊ. ज्यांच्याकडे जुनी पॉलिसी रिन्यू होत आलीय त्यांनी नाव तपासाच. दुसरं म्हणजे सामानाचे फोटो आणि बिलं मेलवर टाकून ठेवा, फाईल घरात ठेवली तर घराबरोबर जाते.

तळमजला_मीच:
तुम्ही सगळे पूर आणि भूकंप बोलताय, रोजचं दुखणं कोणी बोलत नाही. लिकेज!! माझ्या बेडरूमच्या छतातून तीन वर्षं पाणी झिरपतंय, वरच्यांच्या बाथरूममधून. पीओपी पडलं, कपाटाचं प्लाय फुगलं, मुलाला दम्याचा त्रास. माझ्याकडे विमा आहे, क्लेम टाकला, उत्तर आलं की हे हळूहळू झालेलं नुकसान आहे, बसत नाही. मग काय उपयोग सांगा. पूर आयुष्यात एकदा येईल, पाणी माझ्या डोक्यावर रोज पडतंय.

वरचा_शेजारी:
ताई, मी तुमचा नाही पण असाच कोणाचातरी वरचा शेजारी आहे. दर वेळी वरचाच दोषी असतो का? आमच्याकडे खालच्यांनी दोन वर्षं माझं नाव नोटीस बोर्डावर लावलं. शेवटी मी १ लाख १० हजार खर्चून बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग केलं, तरी पाणी चालूच. निघालं काय, तर बाहेरचा डक्टमधला कॉमन पाईप फुटलेला. माझे पैसे कोणी दिले? साधं सॉरी पण नाही.

तळमजला_मीच:
तुमच्याकडे डक्ट असेल, माझ्याकडे प्लंबरने रंगाचं पाणी सोडून दाखवलंय, वरच्या बाथरूममध्ये निळं ओतलं, दुसऱ्या दिवशी माझ्या छताला निळा डाग. तरी ते म्हणतात आम्ही सीनियर सिटिझन आहोत, फोडाफोडी जमणार नाही. सीनियर सिटिझन असलं की खालच्यांच्या डोक्यावर पाणी सोडायची मुभा मिळते का?

निवांत_पेन्शनर:
सीनियर सिटिझनना मध्ये ओढायचं कारण नाही. या वयात महिनाभर बाथरूम बंद म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायला अजून तीस वर्षं आहेत. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या, तिने खाली शेजाऱ्यांकडे जायचं का आंघोळीला?

तळमजला_मीच:
काका, मग माझ्या मुलाने काय करायचं? नेब्युलायझर लावून झोपतो तो. बोला की यावर.

सातवा_मजला:
मी आमच्या कमिटीवर आहे म्हणून सांगतो. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, हे लिहिलेलं आहे, पावसाचं पाणी, बाहेरची कॉमन पाईपलाईन, ड्रेनेज, गच्ची हे सोसायटीचं, आणि आतल्या टॉयलेट-सिंकमधून होणारं लिकेज त्या त्या फ्लॅटवाल्याचं. त्यामुळे आधी पाणी कुठून येतंय हे ठरवायचं आणि त्याचा रिपोर्ट लेखी घ्यायचा, तोंडी नाही. आमच्याकडे वर्षभर भांडण चाललं, रिपोर्ट आल्यावर पंधरा दिवसांत मिटलं. आणि सोसायटीने आग आणि भूकंपाचा विमा काढलाच पाहिजे हेही उपविधीतच आहे, तो उपकार नाही.

वरचा_शेजारी:
रिपोर्टचे पैसे कोणी भरायचे यावरच आमचे आठ महिने गेले, ते पण लिहा ना कमिटीवाले.

कृष्णाकाठ:
धागा विम्याचा आहे हो, पण लिकेज निघालंच आहे तर तेवढं स्पष्ट करतो. टाकी किंवा पाईप अचानक फुटून पाणी आलं तर भारत गृह रक्षेत बसतं. झिरपून झिरपून झालेलं बसत नाही, त्याला ते मेंटेनन्सचा दोष म्हणतात. ताई, तुमच्यावर अन्याय झालाय हे मान्य, पण तो विम्याने केलेला नाही, वरच्यांनी आणि तुमच्या कमिटीने केलाय.

तळमजला_मीच:
विकताना एजंट "पाण्याने होणारं सगळं नुकसान" म्हणाला होता. सगळं, हा त्याचाच शब्द. मी दहा ठिकाणी तुलना करून घेतली होती ही पॉलिसी, हप्त्याची तुलना. काय बसत नाही ते पान कोणी वाचून दाखवलं नाही आणि मी पण वाचलं नाही, मान्य आहे. पण चूक फक्त माझीच आहे का?

वाशिष्ठी_चिपळूण:
नाही ताई, तुमची एकटीची नाही. कंपनीकडे लेखी तक्रार केली होतीत का? महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. एजंटचे मेसेज असतील तर ते जोडा. मिळेलच असं मी म्हणत नाही, पण गप्प बसू नका.

जर्सीसिटीकर:
इकडे न्यू जर्सीत उलटं आहे बघा. कर्ज आहे तोपर्यंत होम इन्शुरन्स नसेल तर बँक ऐकतच नाही, आणि हप्ता ऐकलात तर चक्कर येईल, पण त्यात पूर नसतो! पूर वेगळा घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस झाला, आमच्या बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी. मला वाटलं विमा आहे की. एक सेंट मिळाला नाही. तुमच्याकडे मूळ पॉलिसीतच पूर आणि भूकंप दोन्ही आहेत ही खरंच मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवू नका.

कोयनेकाठचा:
सगळं फ्लॅटवाल्यांसाठीच चाललंय. पाटण तालुक्यात आमचं आजोबांचं घर आहे, मातीच्या भिंती, वर कौलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात अर्धं पडलं, आजोबांनी परत उभं केलं. दोन कंपन्यांना विचारलं, बांधकाम ऐकून दोघांनी फोन ठेवला. ज्याला खरी भीती आहे त्याला विमा नाही आणि सातव्या मजल्यावरचा म्हणतो मला नको. हे कसलं गणित?

सातवा_मजला:
मला पूर नको म्हणालो मी, भूकंपाचं म्हणालो नव्हतो. बरं, ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं हेही कबूल करतो.

कोयनेकाठचा:
किल्लारीच्या लोकांच्या पण डोक्यात नव्हतं. १९९३ च्या आधी नकाशावर तो सगळ्यात सुरक्षित पट्टा होता.

कृष्णाकाठ:
कोयनेकाठचा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. फोनवर नका विचारू, घराचे फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि नकार लेखी मागा. माझ्या मामांना मिरजेत जुन्या वाड्याला असंच करून सरकारी कंपनीकडून मिळाला, हप्ता चढा होता पण मिळाला.

निवांत_पेन्शनर:
मुलाची फाईल काढली. कृष्णाकाठ म्हणतात तेच निघालं, जीवन विमा आहे तो. म्हणजे सात वर्षं आम्ही समजतोय की घराचा विमा आहे आणि घराला काहीच नाही. बँकेबद्दलचं माझं मत आता आणखी वाईट झालंय, लूट हा शब्द मी मागे घेत नाही, फक्त पत्ता बदलतो. वर जीवन विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून काढला आणि घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच ठेवलाय, हेही मला पटत नाही. एक सांगा, ६५० कार्पेट आहे पण ॲग्रीमेंटवर बिल्टअप ७८० लिहिलंय. मी कोणता आकडा भरायचा?

कृष्णाकाठ:
कार्पेट भरा काका. आणि चोरीची जोडणी घेणार असाल तर घर सलग किती दिवस बंद चालतं ते विचारून घ्या, तुम्ही उन्हाळ्यात मुलीकडे दोन महिने जाता असं मागे लिहिलं होतंत.

निवांत_पेन्शनर:
अडीच महिने. विचारतो.

तळमजला_मीच:
आणि काका, जाल तेव्हा त्या अडीच महिन्यांत बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घ्या. तुमच्या खाली पण कोणीतरी राहतंय.